बॅटरी आत घेतली का?

बाहेरच्या खोलीतून ‘कट्ट’ असा आवाज आला, आणि त्यानंतर घर आधीपेक्षाही गप्प झालं.

तुयारा चुलीपाशी घावनांचं पीठ कालवत होती. तिचा हात वाडग्यातच थांबला. दुधाची थाळी फुटली असणार, असं तिला वाटलं. बाहेरच्या खोलीत शेगडी नसते. मांस, मासे, थाळ्यांत गोठवलेलं दूध, सगळं तिथे फळीवर रचून ठेवायचं, वसंतापर्यंत काही नासत नाही. उणे पन्नासात लाकूड तडकतं, थाळी तडकते, कधी कधी माणसाचं डोकंही तडकतं. तिने हात पुसले, कोट खांद्यावर टाकला आणि दार ढकललं.

थाळ्या शाबूत होत्या. माशांच्या टोपलीला खेटून गाडीची बॅटरी बसली होती. उघडीवाघडी, अंगावर गोधडी नाही. पोट फुगलेलं, आणि एका कुशीवर वरपासून खालपर्यंत केसाएवढी चीर.

तिला क्षणभर काही उमगेना. बॅटरी इथे कशी? काल संध्याकाळी तिनेच तर ती गाडीतून काढली होती. हातमोजे काढले की बोटं लोखंडाला चिकटतात आणि घातले की पान्हा धरता येत नाही, म्हणून दातांत मोजा धरून, एकेक बोट उघडं करत, नेहमीसारखी काढली होती. कुन्नेयच्या घसरगाडीवर ठेवून, कुन्नेयच्याच जुन्या सशाच्या कातड्याच्या गोधडीत गुंडाळून घरात आणली होती. शेगडीच्या मागे, फार जवळ नाही, फार लांब नाही, अशी ठेवून चार्जर लावला होता. हे ती ऑक्टोबरपासून रोज करत आली होती. गल्लीतल्या पुरुषांना त्याची गंमत वाटायची. “काय तुयारा, धाकटी झोपली का?” असं विचारायचे. पाच वर्षांच्या कुन्नेयला मात्र त्यात गंमत वाटत नव्हती. तिच्या लेखी ती खरंच धाकटी होती. आपली गोधडी, आपली घसरगाडी आणि आईचा संध्याकाळचा सगळा वेळ खाणारी धाकटी.

आज त्या धाकटीच्या जिवावर तुयारा मोठ्या रस्त्यापर्यंत जाणार होती. ज्युलुस, तिचा नवरा, हिवाळी रस्त्यावर डिझेलचा टँकर चालवतो. नदी गोठली की तिच्या पाठीवरून रस्ता होतो, आणि तो वितळेपर्यंत ज्युलुस घरी येत नाही. आज दुपारी त्यांचा ताफा मोठ्या रस्त्यावरच्या खानावळीपाशी तासभर थांबणार होता. एक तास. त्यानंतर ताफा उत्तरेला जाणार आणि परतेपर्यंत वसंत येणार. कुन्नेयला आता बाबा म्हणजे फोनमधला आवाज वाटायला लागला होता. परवा शाळेतल्या कुणीतरी विचारलं, तुझे बाबा कसे दिसतात? ती म्हणाली, “खरखरीत.”

तुयारा घरात आली. शेगडीमागे पाहिलं. गोधडी नीट घडी घालून ठेवलेली, चार्जरचे चिमटे जमिनीवर तोंड वासून पडलेले.

“आई!”

सासूबाई वरवारा खिडकीशी बसून घोड्याच्या केसांची दोरी वळत होत्या. “ओरडू नकोस गं. पोर झोपलीय.”

“बॅटरी बाहेर कुणी ठेवली?”

“बाहेर कुठे? प्रोकोपीने आणून ठेवली ना शेगडीमागे.”

“कुठून आणून?”

दोरी वळणारे हात थांबले. “काल तुम्ही दोघी वाफेच्या न्हाणीला गेला होतात. प्रोकोपी आला. त्याचा ट्रक मेला होता, आणि घोडी कुरणात उपाशी. सकाळी गवत न्यायचं होतं त्याला. म्हणाला, रात्रीच चालू करून ठेवतो, बंदच करत नाही. दिली मी.”

“मला न विचारता?”

“मिशांना बर्फ लोंबतंय असा माणूस दारात उभा. त्याला काय सांगू, थांब बाबा, सूनबाई अंघोळीला गेलीय?”

“आणि त्याने परत आणली ती बाहेर ठेवली. घाण बूट घेऊन आत कशाला यायचं म्हणून! रिकामी करून ठेवली, आई. भरलेली असती तर तगली असती. रिकामी बॅटरी म्हणजे आत नुसतं पाणी, त्याचं बर्फ झालं आणि फुटली ती!”

वरवारांनी दोरी मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाल्या, “तू आल्यावर बघितलं नाहीस?”

हेच तुयाराच्या काळजात रुतलं. ती बघायची. रोज रात्री निजण्याआधी गोधडीखाली हात घालून बघायची. काल न्हाणीवरून येताना कुन्नेय खांद्यावरच झोपली, तिला पांघरुणात सरकवलं, आणि स्वतःचं डोकं कधी टेकलं ते कळलंच नाही. मध्ये ज्युलुसचा फोन आला होता. कधीही फोन केला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं. कशी आहेस नाही, पोर कशी आहे नाही. “बॅटरी आत घेतली का?” आणि ती अर्ध्या झोपेत म्हणाली होती, “घेतली.”

घेतलीच तर होती!

तिने त्याला फोन लावला. तो रेंजबाहेर होता. अर्थात होता. रस्त्यावर खानावळींशिवाय कुठेही फोन लागत नाही.

तिने बूट चढवले आणि गल्लीतल्या गावरीलकडे गेली. गावरीलची गाडी दारात दिवसरात्र चालूच असते. अंगावर जाड झूल, मागून धुराचा खांब. बॅटरी उचलून घरात न्यायचा त्याला कंटाळा.

“काय तुयारा! धाकटीला सर्दी झाली?”

“धाकटी गेली.”

गावरीलचं हसू ओसरलं. तिने सगळं सांगितलं. त्याने टोपी मागे सरकवून कानामागे खाजवलं. “वायरी देतो. पण लावायच्या कशाला? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

“तुझी बॅटरी दे. संध्याकाळी परत आणते.”

“अगं, ही गाडी एकदा बंद झाली तर बर्फ वितळल्याशिवाय उठायची नाही. आणि मला शाळेच्या बाईंना जिल्ह्याला सोडायचंय. त्यांचा दात दुखतोय, रात्रभर झोपल्या नाहीत.”

“मग आम्हाला आधी सोड.”

“तू उत्तरेला, बाई दक्षिणेला. गाडी काय मधून फाडू?” मग तो जरा ओशाळला. “प्रोकोपीकडे जा. ज्याने मारली त्याने उचलावी.”

गल्लीतल्याच प्रोकोपीकाकांच्या घरी त्यांची बायको एकटी होती. हे पहाटेच गवत घेऊन गेले, म्हणाली. ट्रक काय सुरेख चालू झाला काल, तुमच्या बॅटरीचे उपकार, बस ना, चहा घे. तुयारा बसली नाही. उभ्यानेच चहा प्यायली, कारण बसली असती तर रडली असती, आणि त्या घरात तिला रडायचं नव्हतं.

घरी आली तेव्हा कुन्नेय उठून, लोकरी मोजे उलटसुलट घालून, दारात बसली होती. टोपी, गळपट्टी, सगळं चढवलेलं. गालांवर आजीने हंसाची चरबी चोळलेली.

“निघायचं?”

“थांब जरा.”

“धाकटी कुठेय?”

“धाकटी फुटली.”

कुन्नेयने बाहेरच्या खोलीत जाऊन खात्री करून घेतली. परत आली, गोधडीची घडी उचलली आणि पुन्हा बाहेर जाऊन ती बॅटरीवर पांघरून आली. तिचं ती करून आली आणि पुन्हा दारात बसली.

वरवारांनी घावनं केली. पहिलं घावन तव्यावरून उतरलं ते कुणाला न देता, लोण्याचा गोळा घालून, शेगडीचं दार उघडून त्यांनी विस्तवाला दिलं. ओठ हलले. तुयाराला एरवी हे आवडायचं. आज तिला वाटलं, विस्तवाला देतात, प्रोकोपीला देतात, माझं तेवढं सगळ्यांना वाटतात.

“आई, तुम्हाला मुलाला भेटावंसं वाटत नाही का?” ती म्हणाली. म्हणायचं नव्हतं, निघून गेलं.

वरवारांनी शेगडीचं दार लावलं. लावल्यावरही त्या तिकडेच बघत राहिल्या.

“तो रस्त्यावर आहे गं,” त्या म्हणाल्या. “आपण दारातल्याला नाही म्हटलं, तर त्याला तिकडे कोण हो म्हणेल?”

तुयाराने घावनं फडक्यात बांधली. फळीवरून गोठलेल्या दुधाच्या दोन थाळ्या काढल्या आणि शिंगराच्या मांसाचा एक तुकडा. बांधाबांध करून ठेवली. गाडीच नाही आणि बांधाबांध चाललीय, असं मनात आलं, तरी करत राहिली.

प्रोकोपीकाकांचा ट्रक गल्लीत आला तो आवाजावरून कळला. तुयारा कोट न घालता बाहेर धावली. ट्रकच्या पाठीवर अजून अर्धं गवत होतं.

“सूनबाई!” काकांनी काच खाली केली, तोंडभर हसले. “तुझी बॅटरी म्हणजे सोनं! एका हाकेला उठला ट्रक. म्हटलं, आधी आभार मानावे, मग...”

“मेली ती.”

“कोण?”

“तुमचं सोनं! बाहेरच्या खोलीत ठेवलीत ना, बूट पुसायचे वाचवायला? रात्री गोठली. फुटली. ज्युलुसचा ताफा दुपारी खानावळीपाशी थांबणार आहे, मी चार महिने या दिवसाची वाट बघतेय, आणि तुम्ही... तुमची घोडी...”

थंडीने तिचे दात वाजायला लागले आणि पुढचं वाक्य दातांतच चुरडलं गेलं. प्रोकोपीकाकांचं तोंड बर्फासारखं झालं. त्यांनी माफीबिफी मागितली नाही. खाली उतरून दुसऱ्या बाजूचं दार उघडलं.

“कोट घाल. पोर आण. बस.”

“आणि गवत?”

“येईल फिरून. गवताला कुठे घाई आहे?”

गवतासकट ते निघाले. केबिनमध्ये तिघं दाटीवाटीने, कुन्नेय मध्ये, मांडीवर घावनांचं गाठोडं. ट्रक जुना, त्यात ओझं, त्यात नदीचा रस्ता. काका जीव तोडून हाकत होते, तरी तुयाराला वाटत होतं की बाजूची झाडंच आपल्याला मागे टाकून चाललीत. धुकं इतकं दाट की समोरून गाडी आली तर आधी दोन पिवळे डाग दिसायचे, मग गाडी. एकदा काका म्हणाले, “मला वाटलं, आत नेली तर वास येतो आम्लाचा, तुझ्या सासूला खोकला आहे.” म्हणजे बुटांमुळे नव्हतं तर. पण त्यामुळे राग कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. रागाला आता टेकायला जागा उरली नव्हती.

अर्ध्या वाटेत कडेला एक गाडी उभी दिसली. धूर नाही. दिवे नाहीत.

काकांचा पाय ब्रेककडे गेला.

“थांबू नका,” तुयारा म्हणाली.

काकांनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, जरा चाचपडत, माणूस ओळखीचं आहे ना अशी खात्री करून घेतल्यासारखं. या रस्त्यावर उभ्या गाडीला ओलांडून कुणी जात नाही. लहान मुलालाही ते शिकवावं लागत नाही. तिने स्वतःचे शब्द ऐकले आणि चेहरा खिडकीकडे वळवला.

“थांबा,” ती म्हणाली. “थांबा, पण लवकर.”

काका उतरले. धुक्यात नाहीसे झाले. तुयारा मनात आकडे म्हणायला लागली, मग सोडून दिले. काका परत आले ते मिशीत हसत.

“चहा पितायत.”

“काय?”

“थर्मास उघडून चहा पितायत दोघं. इंजिन गरम झालं होतं म्हणे, या थंडीत! मला म्हणाले, घोटभर घ्या.”

तुयाराला हसूही आलं नाही आणि रडूही. कुन्नेय मात्र खुदकन हसली, आणि का कोण जाणे, त्या हसण्याने केबिनमधली हवा थोडी सैल झाली.

खानावळीपाशी पोहोचले तेव्हा ताफा निघाला होता. टँकरमागून टँकर धुक्यात शिरत होते, चाकांखाली बर्फ काचेसारखं करकरत होतं. तुयारा दरवाजा उघडून ट्रक थांबायच्या आधीच उतरली. एक, दोन, तीन... सगळ्यांची तोंडं सारखीच, बर्फाने माखलेली. मग तिला रांगेच्या शेवटी, कडेला घेऊन ठेवलेला, गुरगुरत उभा असलेला एक टँकर दिसला. त्याच्यापाशी एक माणूस जागच्या जागी पाय आपटत होता.

“ज्युलुस!”

तो धावत आला. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. तिच्या मागे बघितलं.

“गाडी कुठेय?”

“प्रोकोपीकाकांनी आणलं.”

“का? बॅटरी आत घेतली नव्हती का?”

चार महिने. चार महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य! तुयाराच्या आत सकाळपासून जे साठलं होतं, जे सासूबाईंवर नीट निघालं नाही, गावरीलवर निघालं नाही, काकांवर अर्धवट निघालं, ते सगळं त्याच्यावर कोसळलं.

“घेतली होती! रोज घेतली! ऑक्टोबरपासून रोज! तुला माहितेय का ती किती जड असते? बोटांची कातडी त्या लोखंडाला किती वेळा चिकटून राहिली, माहितेय? गल्ली हसते मला. तुझ्या बॅटरीला मी पोरीची गोधडी घातली, पोरीच्या आधी तिला झोपवलं! आणि तू फोनवर कधी विचारलंस, तुयारा, तू आत आहेस का?”

ती बोलत होती आणि तो ऐकत होता. ताफ्यातला शेवटून दुसरा टँकर त्यांच्याजवळून जाताना भोंगा वाजवून गेला, चल लवकर अशा अर्थाचा. तेव्हा तिला कळलं की आपल्याला मिळालेली ही थोडी मिनिटं आपण कशात घालवली. पण ओठातून बाहेर पडलेली वाफ परत घेता येत नाही.

“मी त्यांना सांगितलं, माझं एक चाक बघायचंय,” ज्युलुस हळूच म्हणाला. “तेवढाच वेळ आहे गं.”

त्याने कुन्नेयला उचललं. ती अंग आखडून, त्याच्याकडे न बघता, त्याच्या कोटाच्या बटणाकडे बघत राहिली. त्याने तिला टँकरच्या केबिनमध्ये चढवलं, तुयाराला हात दिला. आत ऊब होती, डिझेलचा आणि शिळ्या चहाचा वास होता. बसायच्या जागेमागे हातभर रुंद फळी, तिच्यावर चुरगळलेली रजई, उशीऐवजी गुंडाळलेला कोट.

“तुम्ही इथे झोपता?” कुन्नेयने विचारलं. चार महिन्यांतलं तिचं बाबांशी समोरासमोरचं पहिलं वाक्य.

“हो, इथेच.”

“आणि गाडी?”

“ती चालूच असते रात्रभर. बंद केली तर आम्ही दोघं गोठू.” तो हसला. तिने हळूच हात पुढे करून त्याच्या गालाला लावला. दाढीची खुंटं टोचली. ती आईकडे वळून म्हणाली, “खरखरीत.” बरोबर आहे, अशा थाटात.

तुयाराने गाठोडं दिलं. घावनं केव्हाच दगड झाली होती. तो म्हणाला, इंजिनवर ठेवून गरम करतो. ती म्हणाली, आईंचा खोकला बरा आहे. तो म्हणाला, बरं. मग दोघांनी एकदमच तोंड उघडलं, दोघंही थांबले, आणि पुढचा भोंगा ऐकू आला. त्याने तिच्या हातमोज्यावर आपला हातमोजा दाबला. इतक्या जाड कातड्यांतून काय पोहोचणार? तरी तिने हात काढून घेतला नाही.

“जा,” ती म्हणाली. “मागे राहू नकोस एकटा.”

टँकर निघाला. थोडा वेळ मागचे लाल दिवे दिसले, मग धुक्यात लालसर काहीतरी, मग तेही नाही. प्रोकोपीकाका ट्रकच्या पायरीवर पाठ करून उभे होते, आपल्याला काही दिसलं नाही असं दाखवत.

कुन्नेय आईचा हात धरून रस्त्याकडे बघत होती. टोपीच्या कडेला तिच्या श्वासाचं बर्फ जमलं होतं. तुयारा खाली वाकली, गळपट्टी नाकापर्यंत वर ओढून दिली. गळपट्टीच्या आतून आवाज आला.

“आई, टँकर बंद पडला, तर बाबांना आत कोण घेईल?”